विकिपीडिया-संपादकांची परिषद आणि ग्रामीण शिक्षक

१. विषयप्रवेश

मराठी भाषेला कोशवाङ्मयाची थोर परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी विश्वकोशाचे कार्य हाती घेतले आणि वाई येथून त्याचे वीस खंड क्रमाक्रमाने सिद्ध झाले. ह्या दोन्ही कोशांचे लेखक निवडलेले होते, संपादक नेमलेले होते आणि वाचकाचे काम खंड हाती आल्यावरच सुरू होत होते.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची घडण ह्याहून निराळी आहे. इंटरनेटवर वाचावयाच्या ह्या ज्ञानकोशाचे लेखक मानधन घेत नाहीत व त्यांची नेमणूकही कोणी करीत नाही. जो वाचतो त्यालाच लेखात भर घालण्याची, चूक दुरुस्त करण्याची व नवा लेख लिहिण्याची मुभा असते. लेखांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली आहे. परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीत ह्या कोशाचे नियमित काम करणारे लोक फारच थोडे आहेत.

ह्याचा परिणाम खेड्यातील शाळेपर्यंत पोचतो. पाचवी-सहावीतील मूल आपल्या गावाचे नाव मोबाईलवर शोधते. पुष्कळदा त्याला सापडतो तो लोकसंख्येचा आकडा आणि पाऊसपाण्याविषयीची साचेबंद वाक्ये. शेजारच्या गावाचा लेख उघडला तर तीच वाक्ये तेथेही असतात. आपल्या गावाविषयी जगाला सांगण्यासारखे काहीच नाही, असा मुलाचा समज होतो. त्या गावातील बारव, वीरगळ, जुनी पेठ, भाताच्या मागे पडलेल्या जाती ह्यांची माहिती असणारी व ती शुद्ध मराठीत लिहू शकणारी व्यक्ती बहुधा एकच असते. ती म्हणजे गावचा शिक्षक. हा शिक्षक जर ह्या कामापासून दूर राहिला, तर ते काम दुसरे कोणी करील अशी खात्री देता येत नाही.

विकिपीडियाच्या स्वयंसेवी संपादकांच्या परिषदा भरतात. त्यांस शिक्षकाने कोणत्या तयारीने जावे, तेथे काय पाहावे आणि परतल्यावर काय करावे, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

२. कोशाचे कामकाज

परिषदेत जी चर्चा चालते ती समजण्यासाठी कोशाच्या कामकाजाची थोडी माहिती असणे अवश्य आहे.

कोणत्याही वाचकास पान बदलता यावे अशी संगणकीय सोय वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने १९९५ मध्ये प्रथम केली. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बसवरून त्याने तिला ‘विकी’ हे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे जलद. ह्याच सोयीच्या आधारावर १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला.

कोणीही लिहावे अशी मुभा असली म्हणजे गोंधळ माजेल अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तो आवरण्यासाठी तीन व्यवस्था आहेत. पहिली व्यवस्था इतिहासाची. प्रत्येक लेखामागे त्याचा इतिहास जतन केलेला असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला हे त्यात दिसते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. दुसरी व्यवस्था चर्चेची. प्रत्येक लेखास जोडून चर्चापान असते; मतभेद तेथे मिटवावयाचे असतात. सर्वांच्या सामाईक प्रश्नांसाठी मराठी विकिपीडियावर जी जागा आहे तिला ‘चावडी’ असे नाव आहे. तिसरी व्यवस्था सरावाची. नवख्याने प्रथम जेथे लिहून पाहावयाचे त्या पानास ‘धूळपाटी’ म्हणतात. जुन्या शाळेत मुले पाटीवर धूळ पसरून अक्षर गिरवीत असत, त्यावरून हे नाव घेतले आहे. शिक्षकास ह्या कोशात परकेपणा वाटू नये, इतकी ही नावे त्याच्या ओळखीची आहेत.

लेखनाच्या मुख्य कसोट्याही तीनच आहेत. विधानास छापील अथवा अन्य प्रसिद्ध व विश्वसनीय आधार असला पाहिजे. मांडणी तटस्थ असली पाहिजे. आणि लेखकाने स्वतः लावलेला नवा शोध कोशात प्रथम मांडू नये. ह्यांतील शेवटची कसोटी शिक्षकास सर्वांत जड जाते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३. परिषदा कशासाठी भरतात

विकिपीडिया व तिच्या भगिनी-प्रकल्पांत काम करणाऱ्यांची पहिली जागतिक परिषद २००५ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे भरली. जगाच्या निरनिराळ्या भागांतील प्रश्न सारखे नसतात, हे अनुभवास आल्यावर प्रादेशिक परिषदा सुरू झाल्या. मध्य व पूर्व युरोपातील भाषांच्या संपादकांची परिषद २०१२ मध्ये बेलग्रेड येथे, तर आफ्रिकेतील संपादकांची २०१४ मध्ये जोहान्सबर्ग येथे भरली.

भारतातील अशी पहिली परिषद १८ ते २० नोव्हेंबर २०११ ह्या दिवसांत मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील आवारात झाली. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स तीस उपस्थित होते. दुसरी परिषद ५ ते ७ ऑगस्ट २०१६ ह्या दिवसांत पंजाबात मोहालीजवळ लांडरां येथे भरली. तिसरी २८ ते ३० एप्रिल २०२३ ह्या काळात हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत झाली. ह्या परिषदा ठरावीक वर्षांनी भरत नाहीत. मधल्या काळात भाषावार व विषयवार लहान मेळावे होत असतात. लहान मेळाव्यासही पुढील सूचना लागू पडतात.

जे काम घरबसल्या संगणकावर होते त्यासाठी प्रवास कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर कामाच्या स्वरूपातच आहे. संपादक एकमेकांस केवळ नावाने, तेही पुष्कळदा टोपणनावाने, ओळखतात. चर्चापानावर लिहिलेले रोखठोक वाक्य वाचणाऱ्यास अपमानासारखे वाटते. समोरासमोर बसून तेच वाक्य ऐकले म्हणजे त्यातील हेतू कळतो. शिवाय तमिळ, मल्याळम, पंजाबी, बंगाली इत्यादी भाषांतील लोकांनी जी अडचण आधीच सोडविली आहे, तिच्यासाठी मराठी संपादकाने पुन्हा वर्ष घालविण्याचे कारण उरत नाही.

मोहालीच्या परिषदेपूर्वी जुलै २०१६ मध्ये एक चांगला उपक्रम झाला. यजमान प्रांताचा मान म्हणून निरनिराळ्या भारतीय भाषांच्या संपादकांनी पंजाबविषयीचे लेख आपापल्या भाषांत लिहिले. परिषदेस येणारा पाहुणा रिकाम्या हाताने आला नाही, थोडे काम करून आला. अशा परिषदेचे खरे स्वरूप ह्यावरून ध्यानात यावे. ती श्रोत्यांची सभा नव्हे. ती काम करणाऱ्यांची बैठक होय.

४. जाण्यापूर्वीची तयारी

परिषदेचा लाभ पूर्वतयारीच्या प्रमाणात मिळतो. शिक्षकाने निदान तीन महिने आधी पुढील गोष्टी कराव्यात.

(अ) स्वतःचे खाते उघडावे व धूळपाटीवर सराव करावा. देवनागरी टंकलेखनाची सवय करून घ्यावी. नंतर लहान कामांपासून आरंभ करावा: शुद्धलेखनाची दुरुस्ती, तुटलेले वाक्य जोडणे, आधार नसलेल्या विधानास आधार देणे. अशा वीस-पंचवीस दुरुस्त्या केल्यावाचून परिषदेतील अर्धी भाषा कानावरून जाते.

(आ) एक प्रश्न निश्चित करावा. ‘विकिपीडियाविषयी माहिती हवी’ हा प्रश्न नव्हे. ‘जनगणनेच्या पुस्तिकेतील गावाचे नाव व बोलण्यातील नाव वेगळे असल्यास लेखाचे शीर्षक कोणते द्यावे’ हा प्रश्न होय. नेमका प्रश्न घेऊन जाणाऱ्यास नेमके उत्तर मिळते.

(इ) अर्ज वेळेवर करावा. ह्या परिषदांत काही प्रतिनिधींच्या प्रवासाची व निवासाची सोय आयोजकांकडून केली जाते. त्यासाठीच्या अर्जात आजवर काय काम केले व परतल्यावर काय करणार हे पाहिले जाते. अर्जात मोठमोठी आश्वासने देऊ नयेत. ‘केंद्रातील पाच शिक्षकांस शिकवीन व तालुक्यातील दहा गावांचे लेख सुधारीन’ एवढे लिहिणे पुरेसे असते आणि ते पार पाडता येते.

(ई) रजेची पूर्वपरवानगी घ्यावी आणि परिषदेत आपण व्यक्ती म्हणून जात आहोत, कार्यालयाचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, हे स्पष्ट ठेवावे. सेवेच्या वर्तणूक नियमांचे भान तेथेही सुटू देऊ नये.

५. परिषदेतील दिवस

अशा परिषदेत साधारणपणे चार प्रकारची सत्रे असतात. सर्वांसाठीची भाषणे, निवडक विषयांवरील लहान व्याख्याने, प्रत्यक्ष हाताने काम करण्याच्या कार्यशाळा आणि एकेका भाषेच्या किंवा प्रांताच्या संपादकांच्या बैठका. एकाच वेळी दोन-तीन दालनांत सत्रे चालतात, म्हणून आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिका वाचून निवड करावी. नवख्या शिक्षकाने भाषणांपेक्षा कार्यशाळांस अधिक वेळ द्यावा. भाषण नंतरही पाहावयास मिळू शकते. परंतु आधार कसा जोडावा हे शेजारी बसलेल्या जाणत्याकडून पाच मिनिटांत शिकता येते.

बरेचसे बोलणे इंग्रजीतून चालते. त्यामुळे शिक्षकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. सत्र संपल्यावर वक्त्यास बाहेर गाठून हिंदीत विचारावे, अथवा इंग्रजी जाणणाऱ्या मराठी सोबत्यास मदतीस घ्यावे. भाषावार बैठकीत तर मातृभाषेतच बोलावयाचे असते, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तीच बैठक सर्वांत मोलाची असते. मराठी चावडीवर ज्यांची नावे वाचली, ती माणसे तेथे भेटतात. कोणत्या तालुक्यांचे लेख रिकामे आहेत, कोणते साचे बिघडले आहेत, नवख्यांस कोण मार्गदर्शन करील ही वाटणी तेथे होऊ शकते.

वर्तनाचे नियम ह्या परिषदांत लेखी असतात. कोणाची जात, धर्म, भाषा, लिंग वा वय ह्यांवरून टोमणा मारू नये, परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र काढू नये, टोपणनावाने काम करणाऱ्याचे खरे नाव उघड करू नये, अशी ही बंधने असतात. शिक्षकाने आणखी एक गोष्ट मनाशी ठरवावी. वर्गात त्याचा शब्द शेवटचा असतो. येथे विशीतला विद्यार्थीही त्याच्या वाक्याखाली ‘आधार द्या’ असे लिहितो. ह्याचा राग मानू नये. वयाने किंवा हुद्द्याने नव्हे, तर आधाराने वाक्य टिकते, हा ह्या कामाचा पाया आहे. मुलांना जी चिकित्सक वृत्ती शिकवावी असे अभ्यासक्रमात म्हटलेले असते, ती शिक्षकाने प्रथम स्वतःवर लावून घेण्याची ही संधी होय.

दररोज सायंकाळी टिपणवहीत तीन गोष्टी लिहाव्यात: आज काय नवे समजले, कोणाशी परिचय झाला, आणि गावी गेल्यावर ह्यातील कशाचा उपयोग होईल. तिसऱ्या रकान्यात काही लिहिता आले नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या सत्रांची निवड बदलावी.

६. गावाचे ज्ञान व छापील आधार

खेड्यातील शिक्षकाने परिषदेत मांडावा असा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढीलप्रमाणे आहे. कोशास प्रसिद्ध आधार हवा. पण गावाचे बहुतेक ज्ञान छापलेलेच नाही. ते वृद्धांच्या स्मरणात आहे. मग ते कोशात यावे कसे?

एक उदाहरण घेऊ. मारुतीच्या देवळाशेजारी एक वीरगळ उभा आहे. खालच्या चौकटीत लढाई कोरली आहे, मधल्या चौकटीत अप्सरा वीरास स्वर्गास नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत आहे आणि माथ्यावर चंद्रसूर्य आहेत. गावातील वृद्ध सांगतात की, गुरे पळविणाऱ्या दरोडेखोरांशी लढताना पडलेल्या अमुक घराण्यातील पुरुषाचा हा दगड आहे. शिक्षक हे लिहितो. दोन दिवसांत ते वाक्य काढले जाते. शिक्षकास वाटते, शहरातील माणसास आमच्या गावाचे काय ठाऊक? काढणाऱ्यास वाटते, उद्या दुसरे घराणे येऊन तोच दगड आपला म्हणेल, तेव्हा निवाडा कशावर करावयाचा? दोघांचेही म्हणणे खरे आहे.

हा पेच केवळ मराठीचा नाही. ज्या ज्या समाजांत ज्ञान तोंडी चालत आले आहे, त्या सर्वांचा आहे. २०११ मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका येथील काही कार्यकर्त्यांनी ह्यासाठी एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी ह्या भाषांत, मुलांचे खेळ, विधी, घरगुती पेये अशा न छापलेल्या विषयांवर जाणत्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच आधार लेखांस देण्यात आला. प्रयोगावर पुष्कळ चर्चा झाली. सर्वसाधारण नियम मात्र बदलला नाही. म्हणून शिक्षकाने नियमाशी भांडत बसण्यापेक्षा नियमाच्या आत जे मार्ग मोकळे आहेत ते चोखाळावेत. ते चार आहेत.

पहिला मार्ग: असलेले आधार शोधणे. गावाविषयी काहीच छापलेले नाही असे शिक्षक समजतो, तेव्हा ते बरेचदा त्याने शोधलेले नसते. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकात निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, महाराष्ट्र शासनाचे जिल्हा गॅझेटियर, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, मराठी विश्वकोश, शिलालेखांचे प्रसिद्ध झालेले संग्रह, विद्यापीठांतील प्रबंध ह्यांत गावाचा उल्लेख शोधावा. मात्र जुन्या गॅझेटियरांतील जातिजमातींविषयीची विधाने आहेत तशी उतरवू नयेत. ज्या राजवटीने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, तिच्याच कचेरीतून ही पुस्तके लिहिली गेली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु पुस्तकांतील वाक्ये अजून आहेत तेथेच आहेत.

दुसरा मार्ग: छायाचित्र. विकिपीडियाच्या चित्रांचे भांडार म्हणून ‘कॉमन्स’ हा प्रकल्प २००४ पासून चालू आहे. वीरगळाचे स्वतः काढलेले स्पष्ट छायाचित्र, गावाचे नाव, तालुका, जिल्हा व दिनांक ह्यांसह तेथे चढविता येते. त्यासाठी छापील ग्रंथाची गरज नाही. उघड्यावर झिजत असलेल्या दगडाची आजची स्थिती पुढील अभ्यासकास दिसेल, हे काम थोडे नव्हे. दुसऱ्याने काढलेले किंवा वर्तमानपत्रातील चित्र मात्र चढवू नये.

तिसरा मार्ग: जुने ग्रंथ. मराठी विकिस्रोत ह्या प्रकल्पात स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले ग्रंथ अक्षरबद्ध करून ठेवले जातात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हा हक्क संपतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळे झाले. गावच्या वाचनालयात एखादा जुना स्थानिक ग्रंथ पडून असेल व त्याच्या लेखकाच्या निधनास साठांहून अधिक वर्षे झाली असतील, तर तो विकिस्रोतात आणता येतो आणि मग त्याचा आधारही घेता येतो. केरळात शाळांतील विद्यार्थ्यांनी जुने मल्याळम ग्रंथ अशा रीतीने अक्षरबद्ध करण्यात भाग घेतला आहे.

चौथा मार्ग सर्वांत लांबचा, पण गावाच्या दृष्टीने सर्वांत फलदायी आहे: न छापलेले प्रथम योग्य ठिकाणी छापावे. वृद्धांच्या मुलाखती नाव, वय, दिनांक व संमती ह्यांसह नोंदवून, दोन निरनिराळ्या घरांतील सांगणे ताडून, त्यावर अभ्यासपूर्ण लेख लिहावा व तो संपादकीय तपासणी असलेल्या नियतकालिकाकडे किंवा इतिहास मंडळाकडे पाठवावा. तो प्रसिद्ध झाल्यावर कोशात ‘स्थानिक परंपरेप्रमाणे’ अशा शब्दांत, त्या लेखाचा आधार देऊन, माहिती येऊ शकते. स्वतःच्याच लेखाचा आधार असल्यास तो आपण स्वतः न जोडता चर्चापानावर सुचवावा. शाळेने स्वतंत्र संग्रह करावयाचा तर केरळचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तेथे २००९ मध्ये ‘स्कूलविकी’ सुरू झाला. राज्यातील शाळांची व त्यांच्या परिसराची माहिती शिक्षक व विद्यार्थी त्यात भरतात. तो विकिपीडियाचा भाग नाही. त्याचे नियम शाळांस सोयीचे ठेवलेले आहेत.

संस्थांनी मनावर घेतल्यास मोठी कामे होतात, ह्याचे उदाहरण गोव्याने घालून दिले. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. अशा परवान्याची कार्यपद्धती परिषदेत समजून घ्यावी. जिल्हा ग्रंथालय, तालुक्याचे महाविद्यालय किंवा स्थानिक इतिहास मंडळ ह्यांपाशी उपयुक्त प्रकाशने असतात. ती खुली करण्याची विनंती शिक्षकच करू शकतो.

७. परतल्यावरचे काम

परिषदेहून आलेल्या शिक्षकाने पंधरा दिवसांच्या आत केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्ध्या तासाचे निवेदन करावे. त्यात प्रवासवर्णनास पाच मिनिटे व प्रात्यक्षिकास पंचवीस मिनिटे द्यावीत. सहकाऱ्यांपैकी ज्यांना आवड असेल अशा चार-पाच जणांचा गट करून प्रत्येकाने एक गाव वाटून घ्यावे. कायद्याने मान्य असलेल्या गावाचा लेख कोशात सहसा राहू शकतो. प्राथमिक शाळेविषयीचा स्वतंत्र लेख मात्र बहुधा राहत नाही, कारण तिच्याविषयी स्वतंत्र व सविस्तर प्रसिद्ध लेखन क्वचितच असते. म्हणून स्वतःच्या शाळेचा गौरव करणारा लेख लिहून उत्साह वाया घालवू नये. गावाच्या लेखापासून आरंभ करावा.

वर्गात ह्या कामाचा उपयोग भाषा व परिसर अभ्यास ह्या दोन्ही विषयांत होतो. गावाचा लेख मुलांपुढे वाचावा आणि प्रत्येक वाक्यास ‘हे कशावरून?’ असा प्रश्न मुलांनी विचारावा. ज्या वाक्यास आधार नाही त्याखाली रेघ ओढावी. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून आणलेली माहिती वहीत दोन रकान्यांत लिहावी: ‘छापलेले’ व ‘सांगितलेले’. दुसऱ्या रकान्यास कमी लेखू नये. तो पुढील संशोधनाचा कच्चा माल आहे, हे मुलांना समजावून द्यावे.

प्राथमिक वर्गातील मुलांकडून प्रत्यक्ष कोशात लिखाण करवून घेऊ नये. खाते शिक्षकाचे असावे. मुलांची नावे, चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे किंवा घरचा पत्ता कोठेही चढवू नये.

८. काही सावधगिरीच्या सूचना

पाठ्यपुस्तकातील किंवा अन्य ग्रंथातील उतारे उचलून कोशात घालू नयेत; माहिती घ्यावी, वाक्ये स्वतःची लिहावीत. इंग्रजी लेखाचे यंत्राने केलेले भाषांतर तपासल्याशिवाय ठेवू नये. अशा भाषांतरात शब्द मराठी असले तरी वाक्य मराठी राहत नाही. गावातील तंटे, देवस्थानांचे वाद, निवडणुका व जिवंत व्यक्तींविषयीच्या वदंता ह्यांपासून दूर राहावे. आपले वाक्य काढले गेल्यास ते पुनःपुन्हा घालीत न बसता चर्चापानावर शांतपणे कारण विचारावे.

प्रश्नांची उत्तरे देणारी नवी संगणकीय यंत्रेही ह्या कोशातील मजकूर वापरतात. एका गावाच्या लेखातील चूक त्यामुळे अनेक ठिकाणी पोचते. एका शिक्षकाने केलेली दुरुस्तीही तशीच दूरवर जाते. आठवड्यातून एक तास नियमाने दिला, तरी वर्षाकाठी एका केंद्रातील सर्व गावांचे लेख आधारासह उभे राहू शकतात. त्यासाठी परिषदेचे निमंत्रण येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. धूळपाटी आजही मोकळी आहे.

९. अभ्यासासाठी प्रश्न व उपक्रम

१. ज्ञानकोश, विश्वकोश व विकिपीडिया ह्यांच्या लेखनपद्धतींतील फरक सहकाऱ्यांशी चर्चा करून लिहा.

२. आपल्या गावाविषयीच्या दहा विधानांची यादी करा. त्यांतील किती विधानांस छापील आधार आहे ते शोधा व आधाराचे नाव, वर्ष आणि पृष्ठ नोंदवा.

३. वरील उदाहरणातील शिक्षक व वाक्य काढणारा संपादक ह्यांच्यात चर्चापानावर कोणता संवाद व्हावा? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच वाक्ये लिहा.

४. आपल्या केंद्रातील एका गावाचा विकिपीडियावरील लेख काढून वाचा. त्यातील साचेबंद वाक्ये वेगळी करा आणि त्यांच्या जागी आधारासह कोणती माहिती देता येईल ते सुचवा.

५. परिषदेस जाण्यासाठी अर्ज करावयाचा आहे असे समजून, आपला नेमका प्रश्न व परतल्यावरचे काम ह्यांविषयी शंभर शब्दांचे टिपण तयार करा. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत ते वाचून दाखवा.